एक जून टाकून द्या

"साहेब, कशाला एवढं डोकं लावायलाव? सगळ्यांला एक जून टाकून द्या, विषय संपला."

पतसंस्थेचे व्यवस्थापक हे अगदी सहज म्हणाले. दिवसभराच्या वसुलीनं दमलेला माणूस, त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू तिळभर नव्हता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. खालच्या अडतीवरचे हमाल कधीच घरी गेलेले, पण तूर-हरभऱ्याच्या धुळीचा वास जिन्यातून वर येतच होता. कुलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं, त्यामुळं तो नुसता गरम वारा फेकत होता आणि टेबलावरची पावतीपुस्तकं फडफडत होती. समोर पडद्यावर मायएसक्यूएलनं, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसनं, एका ओळीत आपलं म्हणणं मांडलं होतं: जन्मतारखेच्या रकान्यात '००००-००-००' ही तारीख चुकीची आहे, ओळ १. सभासदांचं टेबल नव्या सर्व्हरवर आलं होतं, वाचताही येत होतं, पण त्यात काही बदल करायला गेलं की ही ओळ यायची आणि काम तिथंच अडायचं.

एक जून टाकलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. एक अपडेट क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एकच आज्ञा, आणि मोकळे. मी तेव्हा काही बोललो नाही. लातूरला परत येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. औसा रोडवर समोरून ट्रॅक्टरांची रांग येत होती, खिडकीतून झळा आत येत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की हे आपण आधी ऐकलंय. फार पूर्वी, आमच्या गावात संगणक कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा.

काम तसं नेहमीचंच. २००९ साली बसवलेला सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएलची ५.१ ही आवृत्ती आणि त्या काळचं पीएचपी, म्हणजे प्रणाली ज्या भाषेत लिहिली ती. गावातल्याच एका पोरानं, नुकतंच इंजिनिअरिंग करून आलेला होता तो, संस्थेसाठी सगळी प्रणाली लिहून दिली आणि पुढं पुण्याला नोकरीला गेला. त्यानं लिहिलेलं चालत राहिलं. लोडशेडिंगमध्ये चाललं, इन्व्हर्टरच्या टूं-टूं आवाजात चाललं, सोयाबीनच्या सीझनमध्ये दाराबाहेरपर्यंत रांग असताना चाललं. पण आता मशीन कुरकुरायला लागलं होतं, त्याचे सुटे भाग मिळत नव्हते, आणि लेखापरीक्षकांनी सुरक्षेवर बोट ठेवलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. ५.७ ला मिळणारा आधारसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तिथं ५.१ ची काय कथा. ५.१ वरून थेट नव्या सर्व्हरवरच्या ८.० वर उडी मारता येत नाही. एकेक आवृत्ती चढत जायचं, नाहीतर सगळा डेटा डंप करून, म्हणजे एका फाइलीत काढून, नव्या सर्व्हरवर ओतायचा. आम्ही ओतला.

ओतल्यावर अडचणी येणार हे धरलेलंच असतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा पटापट सुटतात. महिला बचत गटांचं टेबल त्या पोरानं 'ग्रुप्स' या नावानं केलेलं. ८.० मध्ये तो शब्द राखीव झाला, म्हणजे सर्व्हरनं स्वतःच्या वापरासाठी ठेवला, त्यामुळं गटांची यादी मागणारी प्रत्येक क्वेरी सिंटॅक्स एरर म्हणून परत यायला लागली. नावाला दोन्ही बाजूंनी बॅकटिक, म्हणजे उलटं अवतरणचिन्ह, लावलं, चालू झाली. पासवर्ड तपासायची पद्धत ८.० मध्ये बदललेली, ती जुन्या पीएचपीला ओळखूच येत नाही. तसंही पीएचपी ७.० पासून जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढूनच टाकलीत, म्हणजे जोडणीचा भाग नव्यानं लिहायचाच होता. तोही झाला.

नावांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं होतं. जुन्या टेबलाचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे साठवलेले बाइट कोणती अक्षरं म्हणून वाचायचे तो तक्ता, रोमन लिपीचा लॅटिन-१ होता आणि त्यात देवनागरीचे बाइट तसेच भरलेले होते. सगळ्या लिप्या चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट लॅटिन म्हणून वाचले की पहिल्याचा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', दुसऱ्याचं चलनाचं चिन्ह, आणि दीर्घ वेलांटी असेल तिथं तर एक येन आणि त्याला चिकटून एक युरो. काशीबाई नावाच्या सभासदाच्या नावात येन आणि युरो. यावरचा उपाय ठरलेला आहे: रकाना आधी बायनरी, म्हणजे नुसत्या बाइटांचा, करायचा आणि मग त्याला यूटीएफ-८ एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) म्हणून सांगायचं. बाइट जागचे हलत नाहीत, ते कसे वाचायचे एवढंच बदलतं. पण रकान्याचा प्रकार बदलायचा म्हणजे सर्व्हर अख्खं टेबल नव्यानं रचतो, आणि रचताना प्रत्येक ओळ तपासून घेतो. तिथं जन्मतारीख आडवी आली. नावं वाचायची तर आधी तारखांचं काहीतरी करणं भाग होतं.

डंप ओतताना याबद्दल कुणी हूं की चूं केलं नव्हतं. डंपच्या फाइलीत अगदी सुरुवातीला एक ओळ असते, ती नव्या सर्व्हरचे कडक नियम तेवढ्या वेळापुरते बाजूला ठेवते. म्हणून शून्याच्या तारखा मुकाट्यानं आत आल्या. ५.१ मध्ये तर कडक नियम सुरुवातीपासून चालू नसायचेच. रिकामा रकाना पाठवा, ३१ जून पाठवा, तो नकार द्यायचा नाही. एक वॉर्निंग नोंदवायचा, जी कुणी वाचत नसे, आणि शून्यं लिहून पुढं जायचा. २०१५ साली ५.७ आलं तेव्हापासून कडक नियम मूळचेच चालू असतात. मला तो बदल मनापासून पटतो. चुकीची माहिती दारातच अडवावी, हे बँकेच्या, दवाखान्याच्या, रेशनच्या कुठल्याही नोंदीला लागू आहे. पण तो कडकपणा असा की अशा ओळी किती आहेत हे शोधायला त्या शून्यांशी तुलना केली तरी ८.० तीच एरर देतं. शोधायलासुद्धा आपल्या सेशनपुरता नियम सैल करावा लागतो. मी तो केला आणि यादी काढली.

सगळी शून्यं सारखी नव्हती.

काही ओळींत नुसती शून्यं होती, ती मी गृहीत धरलीच होती. पण बऱ्याच ओळींत '१९५२-००-००', '१९४७-००-००' असं होतं. साल आहे, महिना आणि दिवस शून्य. मधूनच एखादी '१९५८-०८-००', म्हणजे सालही ठाऊक, महिनाही ठाऊक, दिवस तेवढा नाही. हे आपोआप होत नसतं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली होती, आणि मॅन्युअलमध्ये त्याचं कारणही सरळ दिलंय: नेमकी तारीख माहीत नसलेल्या जन्मतारखा ठेवता याव्यात म्हणून. त्या पोरानं ते वाचलं होतं. फॉर्मवर त्यानं दिवस, महिना आणि साल असे तीन वेगळे खण केले होते, आणि कोडमध्ये त्या जागी मराठीत टीप लिहिली होती: 'म्हाताऱ्या माणसांना साल सांगता येतं, तारीख येत नाही. जबरदस्ती करू नये.' बावीस-तेवीस वर्षांचं पोर असेल ते. मी त्याला कधी भेटलेलो नाही. ती ओळ वाचली आणि कुणीतरी आपल्या खांद्यावर हात ठेवावा तसं झालं. एवढी वर्षं हे सगळं नीट जपलेलं, आणि मी किंवा माझ्यासारखा दुसरा कुणी येऊन 'कचरा डेटा' म्हणत एका क्वेरीत पुसून टाकणार होता. नव्या ८.० ला ही अर्धवट तारीखसुद्धा मान्य नाही. त्याच्या लेखी १९५२-००-०० आणि ००००-००-०० सारखेच गुन्हेगार.

एक जून म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. उजवा हात डोक्यावरून घेतला आणि बोटं डाव्या कानाला लागली की पोरगं पहिलीत. वय मास्तर ठरवणार, दिवस शाळा उघडायचा महिना ठरवणार. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मला सोबत न्यायची. पत्र्यावर पहिला पाऊस वाजत असायचा, वर्गात ओल्या गोणपाटांचा वास, आणि हेडमास्तर सतरंजीवर रजिस्टर पसरून बसलेले. समोर एखादी बाई लेकराला पुढं ढकलत उभी. जन्म कधीचा विचारलं की ती सांगायला लागायची, नागपंचमीच्या आधी दोन दिस, आमची म्हैस व्यायली तवा, आणि आई ते मनापासून ऐकत असायची, अधूनमधून पंचांगात बघायची. हेडमास्तरांना मागची रांग दिसत असायची. "बाई, एक जून टाका अन् पुढचं नाव घ्या." आई टाकायची. तिथं ऐकलं होतं मी ते.

आईच्या स्वतःच्या टीसीवर एक जून १९५० आहे. तिच्या माहेरी सांगतात ते वेगळंच: निजामाविरुद्धची सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन झाल्यानंतरचा तिसरा पोळा, बैलं मिरवून वेशीतून आत आली आणि ही झाली. म्हणजे १९५१ चा श्रावण सरत होता. मास्तरांनी तिला सव्वा वर्षानं थोरली केली. ती सव्वा वर्षाची नोकरी तिला मिळाली नाही. ३१ मे २००८ ला ती निवृत्त झाली, आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या कितीतरी गुरुजींचे सत्कार होते, कारण तेही सगळे एक जूनचेच. एकेका गाडीत दोन-दोन, तीन-तीन सत्कारमूर्ती बसून चालले होते. त्या रात्री हारांच्या ढिगाजवळ बसून ती म्हणाली, "माझं जाऊ दे रे. मी किती लेकरांना एक जून केलं असेल." मला तेव्हा तिला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. आज सुचतं ते एवढंच, की त्या खोट्या तारखेमुळं कितीतरी पोरी शाळेत बसल्या. रजिस्टरला रिकामा रकाना चालत नव्हता. तारीख नाही म्हणून परत पाठवलं असतं तर त्यातल्या निम्म्या पुन्हा आल्या नसत्या. एक जूनचे माझ्यावर उपकारच आहेत, माझी आई शिकली. तरीही, पुन्हा तेच करायचं का, आता, आपल्या हातात निवड असताना?

आणि आपल्या भागात तर कालगणनाच बदललेली. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा पहाणीचा एक कागद आहे, उर्दूतला, फसली १३४५ सालचा. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळपास येतं. निजामाच्या राज्यातलं ते साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं, महिने आजूर, दै, बहमन असे. त्या नोंदीतला माणूस कोणत्या सालचा, हे नुसता आकडा बघून कसं सांगणार? त्यात किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला. माणसं गेली त्यांच्यापुढं कागदाचं दुःख कोण करणार, पण जे वाचले त्यांच्या टीसी, रेशनकार्ड, सातबारे, सगळं त्या दगडामातीच्या घरांखाली गेलं. या संस्थेचे बरेच जुने सभासद त्या पट्ट्यातले आहेत. त्यांच्या ओळींतली शून्यं आळसाची नाहीत.

यावर रूढ उपाय आहेत. कॉन्फिग फाइलीत कडक नियम कायमचे बंद करून टाकायचे, हा सगळ्यात सोपा. पण ते म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून दार सताड उघडं टाकण्यासारखं. शिवाय शून्याच्या तारखांचे ते नियम पुढं कडक नियमातच मिसळून टाकायचं मायएसक्यूएलवाल्यांनी आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे आजची पळवाट उद्या बंद होणार. दुसरा उपाय एक जूनचा. तिसरा, सगळीकडं नल लिहायचं, म्हणजे 'माहीत नाही'. तो खरा आहे, पण अर्धाच. ज्या माणसाला आपलं साल पक्कं ठाऊक आहे त्याला 'माहीत नाही' म्हणणं हेही खोटंच. म्हणून शेवटी त्या पोराच्या फॉर्मसारखंच टेबलात केलं: साल, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने, तिन्हींना रिकामं राहायची मुभा. पूर्ण तारखेचा रकाना वेगळा, तिन्ही असतील तरच भरायचा. त्याशेजारी 'कशावरून' असा एक रकाना: आधार, टीसी, किंवा तोंडी. आणि टीप लिहायला जागा. जिथं टीसीवरच एक जून आहे तिथं ते तसंच ठेवलं, कशावरून तर टीसी. ते खोटं असलं तरी सरकारी कागदावरचं आहे, त्याला हात लावायचा अधिकार आपला नाही.

जुन्या ओळी या रकान्यांत हलवल्या, शून्यं काढली, आणि मग अडकलेली नावांची उलटापालट चालवली. या वेळी ती कुठं थांबली नाही. यादी ताजी केली, आणि येन-युरो जाऊन तिथं नावं उभी राहिली: काशीबाई, गयाबाई, तुळशीराम, मैनाबी, ग्यानोबा. व्यवस्थापकांनी खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावर बोट ठेवून ते एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. "हे आमच्या गल्लीतले. हे गेले मागच्या साली. ह्या अजून येतेत, काठी टेकीत."

त्या काठी टेकीत येणाऱ्या आजी पुढच्याच आठवड्यात आल्या. मी तिथंच होतो. हिरवं लुगडं, कमरेला कापडी बटवा, आणि पावतीवर अंगठा द्यायच्या सवयीनं आधीच पुढं केलेला हात. काउंटरवरच्या ताईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं.

"आजी, कागद काही हाय का जन्माचा?"

"कागुद समदं भूकंपात गेलं बाई. आधार हाय."

आधारवर नुसतं जन्म वर्ष होतं, १९४९. आजींनी ते मान्य केलं नाही. त्यांना आकडा वाचता येत नव्हता, पण ताईंनी वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. बहात्तरच्या दुष्काळात त्या पाझर तलावावर खडी फोडायला होत्या. थोरलं लेकरू लिंबाला बांधलेल्या झोळीत, रांगायच्या बेताला आलेलं. कामावर सुकडी मिळायची, ती पाण्यात कालवून त्याला चारायची, आणि घरी लाल मिलोच्या भाकरी, ज्या थापताना तुटायच्या. लग्न न्हाण आल्यावर वर्षानं, लेकरू त्याच्या तिसऱ्या वर्षी. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, बोटं टेबलावर भाकरी थापल्यासारखी हलत होती. ताईंनी हिशेब मांडला. १९५४, फार तर १९५५.

"मग कोणतं धरायचं?" ताईंनी मला विचारलं.

व्यवहाराला आधारवरचं साल, कारण केवायसीला तेच लागतं. पण टीपेत आजींनी सांगितलेलं सगळं, त्यांच्या शब्दांत. ताईंनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आजींनी एक दुरुस्ती सांगितली, झोळी लिंबाला नव्हती, बाभळीला होती.

संचालक मंडळात यावर थोडी खडाजंगी झालीच. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज मिळतं, साठ पूर्ण झाली की. नुसतं साल असेल तर साठ कधी पूर्ण झाली म्हणायची? एक संचालक म्हणाले, ३१ डिसेंबर धरा, संस्थेचं नुकसान नको. त्यांच्या जागी ते बरोबर होते, पैसा सगळ्या सभासदांचा आहे. मी १ जानेवारीच्या बाजूनं बोललो. माहिती नसणं हा त्या माणसाचा दोष नाही, तर त्या शंकेचा फायदा त्यालाच मिळायला हवा, आणि जास्तीत जास्त फरक पडतो तो वर्षभराच्या अर्ध्या टक्क्याचा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मंडळातले सगळ्यात जुने संचालक, ज्यांची स्वतःची टीसी एक जूनची आहे, ते म्हणाले, "सभासदाच्या बाजूनं धरा." ठराव तसा झाला. ही तारीख व्याजाच्या हिशेबापुरतीच. सभासदाच्या नोंदीत ती कुठंही लिहायची नाही, हेही ठरावात घालून घेतलं. त्यासाठी मी जरा हट्टच धरला, कारण हिशेबासाठी मानलेली तारीख दोन वर्षांत नोंदीत जाऊन बसते आणि मग तीच खरी होते.

ज्या ओळींत नुसतीच शून्यं होती तिथं आता नल आहे, आणि उताऱ्यावर 'नोंद नाही' असं छापून येतं. दिवाळीला बऱ्याच ठेवींची मुदत संपते, तेव्हा ही माणसं येतीलच, त्या वेळी विचारून घ्यायचं ठरलंय. काउंटरवरच्या ताईंनी विचारायची रीत आपली आपणच बदलली. जन्मतारीख सांगा म्हटलं की म्हातारी माणसं गप्प बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आता त्या विचारतात, तुमच्या जन्माचं घरी काय सांगत होते? टीपेच्या रकान्याला मी २५५ अक्षरांची मर्यादा दिली होती, पुष्कळ झाली असं समजून. परवा ताईंचा फोन आला, जागा पुरेना म्हणून. रकाना टेक्स्ट करून दिलाय.